अर्थखात्याचे व्याकरण

मराठी व्याकरणात क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा जो हेतू कळतो त्याला 'अर्थ' म्हणतात. असे अर्थ चार मानले जातात: नुसती हकीकत सांगणारा स्वार्थ, हुकूम सोडणारा आज्ञार्थ, कर्तव्य किंवा योग्यता सुचवणारा विध्यर्थ, आणि 'असे झाले असते तर तसे झाले असते' अशी अट घालणारा संकेतार्थ. कंपनीच्या ज्या खात्यालाही योगायोगाने 'अर्थ' हेच नाव पडले आहे, त्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांची वर्गवारी पदवी, पगार किंवा केबिनच्या काचेची जाडी यांवरून करू पाहणाऱ्या अभ्यासकाची बहुधा फसगत होते. त्यांच्या क्रियापदांवरून केली तर सहसा होत नाही. 'खर्च झाला' म्हणणारा हिशेबाच्या बाजूचा, 'खर्च थांबवा' म्हणणारा तिजोरीच्या बाजूचा, 'खर्चाला आधी मंजुरी घ्यावयास हवी होती' म्हणणारा तपासणीच्या बाजूचा, आणि 'मागणी वाढली असती तर हा खर्च कोणाच्या नजरेतही आला नसता' असे शांतपणे सांगणारा तो मुख्य वित्त अधिकारी, म्हणजेच सीएफओ.

कंपनीतील इतर विभागांना हा भेद मान्य नसतो. विक्री, उत्पादन आणि मनुष्यबळ यांच्या लेखी प्रवासखर्चाचे बिल अडवणारा प्रत्येक इसम 'अकाउंट्सवाला' असतो, मग तो रोखपाल असो की संचालक मंडळासमोर बसणारा अधिकारी. समाजाची समजूत याहून ढोबळ आहे. स्थळांच्या जाहिरातीत 'मुलगा सीए' एवढे छापून आले की वधूपक्षाचे समाधान होते. वस्तुतः चार्टर्ड अकाउंटंट ही १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेची अर्हता आहे, हुद्दा नव्हे, आणि ती मिळवलेला मनुष्य पुढे हिशेब लिहील, तपासील, की दुसऱ्याने लिहिलेला हिशेब भागधारकांना गोड करून सांगेल, हे त्या दोन अक्षरांतून कळत नाही.

हा भेद साहेबांनी आणला असे मानण्याचेही कारण नाही. मराठेशाहीच्या दप्तरात लिहिणारा, मोजणारा आणि ताडून पाहणारा ही माणसे वेगळी होती आणि त्यांची नावे आजही आडनावांच्या रूपाने मतदारयादीत हजर आहेत. पोते म्हणजे खजिना, तो सांभाळणारा पोतनीस. नाण्याचा कस पाहणारा पोतदार. याद्या व नोंदी ठेवणारा फडणीस, ज्याचे मूळ 'फर्द' म्हणजे यादी आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा असे सांगितले जाते. आणि एकंदर जमाखर्चावर नजर ठेवणारा मुजुमदार. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांच्या जागी संस्कृत पदनामे आली, मुजुमदाराचा अमात्य झाला आणि सुरनिसाचा सचिव. काम मात्र तेच राहिले. आजच्या कंपन्यांत 'चीफ अकाउंटंट' एका सोमवारी 'व्हाइस प्रेसिडेंट, फायनान्स अँड कंट्रोल' होतो तेव्हाही हाच प्रकार घडतो, फक्त राज्याभिषेकाच्या जागी मनुष्यबळ विभागाची ई-मेल असते. अष्टप्रधानांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश वगळता इतरांना प्रसंगी लढाईवरही जावे लागे, हा तपशील अमात्याच्या आधुनिक वारसांना कोणी फारसा सांगत नाही. उलट नाना फडणविसांचे उदाहरण सर्वांना तोंडपाठ असते, कारण फडणिशीच्या दप्तरातून उठून सबंध राज्याचा कारभार हाती घेतलेला तो पुरुष म्हणजे हिशेबाच्या बाजूला बसलेल्या प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणसाचे आशास्थान आहे.

मुजुमदाराच्या जागी इंग्रजी परिभाषेत जो 'फायनान्शियल कंट्रोलर' बसतो, त्याच्या पदनामाची कुळकथा लक्षात घेण्याजोगी आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधील 'प्रतियादी' अशा अर्थाच्या शब्दावरून आला. मूळ यादी एकाने लिहावी, तिची जोडयादी दुसऱ्याने ठेवावी आणि दोन्ही ताडून पाहाव्यात, असा तो व्यवहार होता. पुढे कोणा विद्वानाने शब्दाचा संबंध हिशेब या अर्थाच्या दुसऱ्याच एका फ्रेंच शब्दाशी जोडला आणि स्पेलिंगमध्ये 'एम' आणि 'पी' ही अक्षरे घुसवली. भारतीय संविधानाच्या कलम १४८ मधील नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या इंग्रजी पदनामातही ती आजवर नांदत आहेत. इतरांच्या नोंदींतील चुका शोधण्यासाठी निर्माण झालेल्या पदाच्या नावातच एक चुकीची नोंद शतकानुशतके दुरुस्त न होता पुढे ओढली गेली आहे. एवढी जुनी बाब कोणत्याही लेखापरीक्षकाने दुसऱ्या कोणाला खपवू दिली नसती.

आधुनिक कायद्याकडे वळल्यावर अधिक नेमकेपणाची अपेक्षा असते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २ च्या १९ व्या उपकलमात मुख्य वित्त अधिकाऱ्याची व्याख्या दिली आहे, आणि ती अशी की कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी म्हणून जिची नेमणूक झाली आहे ती व्यक्ती म्हणजे मुख्य वित्त अधिकारी. भात कशाला म्हणावे, तर भात म्हणून जो वाढतात त्याला, इतकी ही व्याख्या निर्दोष आहे. कलम २०३ आणि त्याखालील नियमांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला, तसेच १० कोटी किंवा अधिक भरणा झालेल्या भांडवलाच्या इतर सार्वजनिक कंपन्यांना असा पूर्णवेळ अधिकारी ठेवावाच लागतो आणि त्याची जागा रिकामी झाली तर संचालक मंडळाने ती सहा महिन्यांत भरावी लागते. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कार्यालयीन फर्निचरचे उपयुक्त आयुष्य १० वर्षे धरले आहे. म्हणजे खुर्चीच्या टिकाऊपणाबद्दल कायद्याने आकडा दिला आहे, खुर्चीत बसणाऱ्याच्या बाबतीत फक्त ती रिकामी झाल्यावर काय करायचे ते सांगितले आहे. कंट्रोलरची अवस्था आणखी निराळी. 'अंतर्गत वित्तीय नियंत्रणे' हवीत असे कायदा बजावतो, ती पुरेशी आहेत की नाहीत यावर लेखापरीक्षकाकडून अभिप्रायही मागवतो, परंतु ती दिवसभर सांभाळत बसणाऱ्या गृहस्थाचे नाव कलम २०३ मधील मानकऱ्यांच्या पंगतीत नसते. ताळेबंदावर, म्हणजे कंपनीची मालमत्ता आणि देणी एका तारखेला कशी होती हे दाखवणाऱ्या पत्रकावर, संचालकांबरोबर सीएफओची आणि कंपनी सचिवाची सही होते. ते पत्रक ज्याने रात्री जागून जुळवले त्याची सही कँटीनच्या रजिस्टरमध्ये सापडते.

ही पदे कागदावर कितीही समजावून सांगितली तरी त्यांचा भेद खऱ्या अर्थाने एखाद्या बिलावरच दिसतो. नाशिकच्या अंबड किंवा सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने २० मार्चला हवेचा कॉम्प्रेसर घेतला आणि त्याच दिवशी चालू केला अशी कल्पना करावी. किंमत ८,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,५१,२०० रुपये, एकूण बिल ९,९१,२०० रुपये. हे बिल अर्थखात्यात पोहोचते तेव्हा त्यावर स्टोअर्सचा जांभळा शिक्का असतो, माल मिळाल्याची पावती म्हणजे 'जीआरएन' टाचलेली असते, खरेदी आदेशाचा म्हणजे 'पीओ'चा क्रमांक कोणीतरी हाताने खोडून पुन्हा लिहिलेला असतो, आणि डाव्या कोपऱ्याला स्टेपलरच्या पिना इतक्या वेळा काढून लावलेल्या असतात की तेथे कागदाची चाळण झालेली असते. आता 'यंदा या कॉम्प्रेसरवर किती खर्च झाला?' एवढा साधा प्रश्न त्या मजल्यावर विचारून पाहावा.

कारखान्याचा व्यवस्थापक ८,४०,००० सांगतो आणि चुकतो. कंट्रोलरचे उत्तर १,७४९ रुपये असते. त्याचा युक्तिवाद असा, की यंत्र ही मालमत्ता आहे, तिचा खर्च तिच्या आयुष्यावर पसरावयाचा असतो, या पसरण्याला घसारा म्हणतात, सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे आयुष्य कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे १५ वर्षे, शेवटी भंगाराचे मूल्य ५ टक्के, म्हणून वर्षाचा घसारा ५३,२०० रुपये, आणि २० ते ३१ मार्च हे १२ दिवस धरता यंदाच्या वाट्याला १,७४९. करविभागाचा प्रमुख ६३,००० रुपये सांगतो, कारण प्राप्तिकराच्या हिशेबात अशा यंत्रावर १५ टक्के घसारा मिळतो, परंतु ते वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले असेल तर त्याच्या निम्मा. येथे कमी दराचा पर्याय घेऊन वाढीव घसाऱ्याचा हक्क सोडून दिलेली कंपनी गृहीत धरली आहे, हे त्याच्या समाधानासाठी नमूद करणे भाग आहे. तिजोरी सांभाळणारा ट्रेझरर म्हणतो, यंदा खर्च शून्य, कारण पैसे अजून गेलेले नाहीत, आणि जातील तेव्हा ९,९१,२०० जातील. अंदाजपत्रक व विश्लेषण पाहणारा अधिकारी, ज्याला त्या मजल्यावर 'एफपी अँड ए' म्हणतात, तो सांगतो की अंदाजपत्रकात सात लाख होते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने १,४०,००० एवढाच आकडा अस्तित्वात आहे आणि तो लाल आहे.

यातील अर्थखात्याचे प्रत्येक उत्तर बरोबर असते, हे सामान्य माणसाला पचणे कठीण जाते. त्यातही कंट्रोलरचे १,७४९ आणि करप्रमुखाचे ६३,००० यांच्यात ६१,२५१ रुपयांचे जे अंतर पडते, त्यावर आज वाचलेला कर पुढे कधीतरी भरावा लागणार म्हणून 'विलंबित कर' या नावाची आणखी एक नोंद करावी लागते. म्हणजे दोन सज्जनांचे एकमत न झाल्याची ताळेबंदात रीतसर नोंद होते. घराघरांत अशी सोय असती तर बरेच वाद दरसाल ३१ मार्चला पुढील वर्षात ओढता आले असते.

कंट्रोलरच्या स्वभावाची गुरुकिल्ली भूतकाळात आहे. जे घडले ते कोणत्या तारखेला घडले, कोणत्या खात्यात बसते, आणि कागद कुठे आहे, हे त्याचे तीन प्रश्न. चौथा त्याला सुचत नाही आणि सुचला तर तो त्याचे व्हाउचर मागतो. कीर्द म्हणजे रोजच्या नोंदींची वही, खतावणी म्हणजे त्याच नोंदींची खातेवार मांडणी, आणि तेरीज म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची जुळणी, या जुन्या पेढीवरच्या वस्तू आता संगणकात गेल्या, १ एप्रिल २०२३ पासून तर कोणती नोंद कधी बदलली याचा पुसता न येणारा माग ठेवणारी प्रणालीच कंपन्यांना वापरावी लागते. तरी तेरीज न जुळल्याचे दुःख लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला दुनोंदी पद्धतीचे वर्णन छापले तेव्हापासून बदललेले नाही. जुळत नसलेली रक्कम काही काळ 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात ठेवण्याची पद्धत आहे. नावावरून तेथे काही थरारक घडत असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्यात कोणीतरी बँकेत भरलेले आणि कोणी भरले ते न कळलेले ११,८०० रुपये असतात आणि दर बैठकीत त्यांची विचारपूस होते.

ट्रेझररला भूतकाळाचे सोयरसुतक नसते. त्याचा दिवस सकाळी बँकांतील शिलका पाहण्याने सुरू होतो आणि त्याचे पंचांग देण्याच्या तिथींचे असते: ७ तारखेला कापून घेतलेला प्राप्तिकर, १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधी, २० तारखेला जीएसटी, मधल्या मोकळ्या दिवसांत पुरवठादार. नफा हे मत आहे आणि शिल्लक ही वस्तुस्थिती, अशी त्याची धारणा असल्याने विक्री विभागाने विक्रमी विक्रीचे पेढे वाटले तरी तो ते येणे वसूल होईपर्यंत खात नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज पडते. परिणामी वरील कॉम्प्रेसर विकणारा लहान उत्पादक असेल आणि २० मार्चला माल स्वीकारला गेला असेल, तर ट्रेझररच्या वहीत ४ मे या तारखेभोवती गोल पडतो. ३ मे रोजी पैसे देणे त्याला उधळपट्टी वाटते.

तपासणीच्या बाजूला दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत दोघांनाही आवडत नाही. अंतर्गत लेखापरीक्षक वर्षभर कंपनीतच वावरतो आणि कॉम्प्रेसरसाठी तीन दरपत्रके मागवली होती काय, असे विचारतो. त्यांपैकी दोन एकाच टंकातून, एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह आलेली आहेत हेही तोच पाहतो. वैधानिक लेखापरीक्षक बाहेरचा असतो, भागधारकांनी नेमलेला असतो, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत त्याच्या फर्मला पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींनंतर बाहेर पडावे लागते, कारण दहा वर्षांत कोणालाही कोणाचाही लळा लागू शकतो असे कायद्याचे निरीक्षण दिसते. दोघांची भाषा विध्यर्थी. मात्र 'करावयास हवे होते' हे पहिला इसम व्यवस्थापनाच्या कानात सांगतो आणि दुसरा भागधारकांना उद्देशून छापतो, त्यामुळे पहिल्याला चहा मिळतो आणि दुसऱ्याला जेवण.

या सर्वांच्या वर बसलेल्या सीएफओने यापैकी कोणतेही काम स्वतः करू नये, परंतु सर्व कामांबद्दल बोलावे, अशी अपेक्षा असते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर व्हावे लागतात, आणि त्यानंतर विश्लेषकांशी जो दूरध्वनी-संवाद होतो तो त्याचा खरा रंगमंच. कंट्रोलर जेथे 'विक्री घटली' असे लिहितो, तेथे सीएफओ 'पाऊस लांबला नसता तर वाढीचा कल कायम राहिला असता' असे सांगतो. दोन्ही वाक्यांत खोटे काही नसते, पण पहिल्या वाक्याला भत्ता नाही. त्याचे आवडते माप 'इबिटडा', म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमूर्त मालमत्तेचे निर्लेखन वजा करण्यापूर्वीचा नफा. घरभाडे, किराणा, शाळेची फी आणि गाडीचा हप्ता यांच्याआधीची शिल्लक सांगण्याची मुभा असती तर डोंबिवलीतील प्रत्येक पगारदार सधन ठरला असता. तरीही सीएफओला नुसता शब्दांचा धनी समजणे अन्यायाचे होईल. आर्थिक विवरणांत कोणतेही असत्य विधान नाही असे प्रमाणपत्र त्याला सेबीच्या नियमांनुसार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याबरोबर संचालक मंडळाला द्यावे लागते, आणि कोणाच्याही संकेतार्थाची परीक्षा शेवटी त्याच्या स्वार्थी क्रियापदाखालील सहीवर होते.

ही सर्व पदे वेगवेगळी ठेवण्यात जो शहाणपणा आहे तो पगाराच्या तक्त्यावरून दिसत नाही. जो पैसे देतो त्यानेच नोंद करू नये, जो नोंद करतो त्यानेच ती तपासू नये, आणि जो तपासतो त्याने खरेदीला जाऊ नये, एवढ्यासाठी हा पसारा आहे. छोट्या कंपनीत हा खर्च परवडत नाही. तेथे एकच गृहस्थ सकाळी टॅलीत नोंदी करतो, दुपारी बँकेत जातो, संध्याकाळी मालकाला पुढच्या वर्षीचा अंदाज सांगतो, आणि अधूनमधून स्वतःच्याच नोंदीकडे संशयाने पाहतो. अशा माणसाला चारही अर्थांत बोलता येते. कंपनी मोठी झाली की प्रथम त्याचे तुकडे होतात, मग प्रत्येक तुकड्याला केबिन मिळते, आणि मग त्या केबिनींमध्ये सुसंवाद राहावा म्हणून दर सोमवारी साडेदहाला बैठक ठेवावी लागते.

मोठ्या कंपनीत ज्यांचे बिल अडकले असेल त्यांनी सीएफओला फोन करू नये. तो तुमच्याशी फार चांगले बोलेल आणि बिल जागचे हलणार नाही. कंट्रोलरकडेही जाऊ नये, कारण त्याच्या वहीत ते केव्हाच 'देणे' म्हणून नोंदलेले असते आणि त्याचे कर्तव्य संपलेले असते. पीओचा क्रमांक, जीआरएनची प्रत आणि उद्योगाच्या नोंदणीचा क्रमांक घेऊन, गुरुवारी दुपारी चारच्या आत, पुरवठादारांची देणी पाहणाऱ्या टेबलावरच्या कारकुनाला गाठावे, कारण शुक्रवारी सुटणाऱ्या रकमांची यादी तोच टाईप करतो.